जुना पॉप-अप कॅम्पर ट्रेलरवर बसवायचाय? मग पाणी आणि वजन या दोन गोष्टी आधी धरा

पिकअपच्या हौद्यात सरकवून ठेवायचा पॉप-अप कॅम्पर, म्हणजे खालचं खोकं पत्र्याचं, वर उचलता येणारं छप्पर आणि मधे कापडाची भिंत, असा जुना कॅम्पर बऱ्याचदा अगदी स्वस्तात मिळून जातो, कारण मालकाने पिकअप विकलेला असतो आणि कॅम्पर नुसता जागा अडवून उभा असतो. तो साध्या फ्लॅटबेड किंवा युटिलिटी ट्रेलरवर बसवला की पिकअपची गरजच उरत नाही, ओढायची ताकद असलेली कुठलीही गाडी चालते, मुक्कामाला पोचल्यावर ट्रेलर सोडून गाडी मोकळी फिरवता येते, आणि ट्रेलरची फळी हौद्यापेक्षा खाली असल्यामुळे दारात चढणंही सोपं होतं. काम अवघड नाही पण लांबतं, आणि लोक उत्साहाने सुरुवात करतात ती पडदे, गाद्या आणि रंगापासून, जे खरं तर शेवटी करायचं. कॅम्पर टिकणार की नाही हे दोनच गोष्टींवर ठरतं, पाणी आत कुठून शिरतंय आणि वजन ट्रेलरवर कुठे बसतंय. बाकीचं सगळं त्यांच्या मागून येतं.

घ्यायच्या आधी काय बघायचं

या कॅम्परचा सांगाडा बहुतेक वेळा लाकडी पट्ट्यांचा असतो, त्यावर बाहेरून अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा आणि आतून पातळ प्लायवूड. पत्रा वीस-तीस वर्षांनंतरही छान दिसतो, आतलं लाकूड मात्र केव्हाच भुसा झालेलं असू शकतं, त्यामुळे बाहेरून बघून काही कळत नाही. आत शिरा आणि सगळे कोपरे अंगठ्याने दाबून बघा, प्लाय मऊ लागला, डाग दिसला किंवा फुगलेला वाटला तर तिथे पाणी मुरलंय. मॉइश्चर मीटर मिळाला तर उत्तमच, लाकडात २० टक्क्यांच्या खाली ओल असेल तर सड सहसा पुढे सरकत नाही, त्याच्या वर सतत असेल तर सरकणारच. सगळ्यात जास्त खराब होणारी जागा म्हणजे ड्रायव्हरच्या केबिनवर येणारा पलंगाचा भाग, त्याची पुढची खालची कड. चालत्या गाडीत पाऊस तिथे वाऱ्याच्या जोराने आपटतो, कोपऱ्याच्या पट्टीतून आत जातो आणि सगळ्यात खालच्या लाकडावर साचून राहतो. खालून हात लावून तो भाग वर ढकलून बघा, लवला तर समजा सांगाडा नव्याने करायचाय.

दुसरी जागा चार कोपऱ्यांची, जिथे जॅकचे ब्रॅकेट बसवलेले असतात. इथलं लाकूड सडलं असेल तर कॅम्पर जॅकवर उचलताना ब्रॅकेट स्क्रूसकट उपटून येतो आणि अख्खा कॅम्पर एका बाजूला बसतो. म्हणून जुना कॅम्पर पहिल्यांदा हलवताना नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नका, खाली लाकडी ओंडक्यांची चळत रचत रचत वर घ्या, आणि कोणीही, अगदी क्षणभरही, कॅम्परखाली शिरायचं नाही.

छप्पर पूर्ण वर करून बघा, सगळीकडून सारखं उठतंय का, अडकतंय का. कापड फाटलेलं असेल तर त्याचं फार वाईट वाटून घेऊ नका, ते नाहीतरी बदलायचंच असतं. फ्रिज, शेगडी चालत नसली तरी सोडा, ते सुटं मिळतं. जमीन मात्र चालून बघा. जमीन, पुढची कड आणि चारही कोपरे असं सगळंच गेलेलं असेल तर माझं मत स्पष्ट आहे, दुसरा शोधा, कारण मग तुम्ही दुरुस्ती करत नाही, जुन्या पत्र्यात नवा कॅम्पर बांधताय.

आणि घरी आणल्यावर पहिलं काम म्हणजे वजनकाट्यावर न्या. कंपनीच्या पाटीवर लिहिलेलं वजन कोऱ्या कॅम्परचं असतं, मधल्या मालकांनी काय काय ठोकलंय त्याचा हिशोब त्यात नाही. ट्रेलर कोणता घ्यायचा हे याच आकड्यावर ठरणार आहे, म्हणून ट्रेलर आधी घेऊन ठेवायची घाई करू नका.

उघडताना

उघडायच्या आधी प्रत्येक बाजूचे, प्रत्येक सांध्याचे फोटो काढा, जरा जास्तच काढा. कुठला पत्रा कुठल्या पत्र्यावर चढलाय, पट्टी कुठे संपते, वायर कुठल्या भोकातून येते हे चार आठवड्यांनी कोणालाही आठवत नाही. स्क्रू आणि क्लिपा वेगवेगळ्या पिशव्यांत, वर मार्करने नाव.

क्रम साधारण असा. आधी खिडक्या, झडपा, दिवे, दार. मग कोपऱ्यांच्या अ‍ॅल्युमिनियम पट्ट्या, त्यांच्या खाचेत एक रबरी किंवा व्हिनाईलची फीत असते ती ओढून काढली की खाली स्क्रूंची रांग दिसते. गंजलेले स्क्रू फिरत नसतील तर ड्रिलने डोकं उडवा, जोर करून पट्टी वाकवू नका कारण तशीच पट्टी परत मिळणं कठीण. मग पत्रे. आडवे पत्रे बहुतेक कॅम्परमध्ये खालून वर एकमेकांत अडकवत बसवलेले असतात, म्हणजे काढताना वरून सुरू करायचं. पत्रा मोठा आणि लवचिक असतो, दोघांनी धरून काढा, एकदा घडी पडली की ती जात नाही.

आतमध्ये उंदरांची घरटी हमखास निघतात. ती कोरडी झाडू नका, धूळ उडते आणि काही प्रदेशांत त्या लेंड्यांतून हंटाव्हायरससारखे आजार होतात, आधी जंतुनाशक फवारून ओलं करा आणि मग मास्क, हातमोजे घालून गोळा करा. १९८० च्या आधीचा कॅम्पर असेल तर जमिनीच्या व्हिनाईल टाइल आणि त्याखालचा काळा डिंक घासायला जाऊ नका, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो, नमुना तपासून घ्या किंवा वरूनच नवीन थर टाका.

एक नियम मात्र पाळा, सगळ्या बाजू एकदम उघड्या करू नका. पत्रा हाच सांगाड्याला आकारात धरून ठेवतो. चारही बाजू सोलल्या की खोकं तिरपं होतं आणि नंतर पत्र्याची भोकं जुळतच नाहीत. एक बाजू उघडा, लाकूड दुरुस्त करा, कर्णाची मापं दोन्हीकडून घेऊन काटकोन तपासा, मग पुढची.

लाकूड

टोचा किंवा जुना स्क्रूड्रायव्हर घेऊन लाकूड टोचत जा. जिथे तो सहज घुसतो ते सडलेलं, आणि सड दिसते त्याच्या पुढेही थोडी पसरलेली असते, म्हणून चांगलं लाकूड लागल्यावरही अजून काही सेंटिमीटर पुढे जाऊन कापा. पूर्ण पट्टी बदलता आली तर बदला. नाही जमलं तर शेजारी नवीन पट्टी जोडा, दोन्ही लाकडं निदान १५ ते २० सेंटिमीटर एकमेकांना लागून राहतील अशी, वॉटरप्रूफ ग्लू आणि स्क्रू दोन्ही लावून. नुसते स्क्रू रस्त्याच्या हादऱ्यांनी ढिले होतात, मूळ सांगाड्यात बऱ्याच ठिकाणी फक्त स्टेपल मारलेले असतात तेही याच कारणाने सुटलेले सापडतील.

सडलेल्या लाकडात पातळ इपॉक्सी मुरवून ते कडक करायची पद्धत लोकांना फार आवडते कारण त्यात कापाकापी नाही. छोट्या मऊ ठिपक्याला ठीक आहे. जॅकच्या कोपऱ्यात किंवा पलंगाच्या कडेला, जिथे भार येतो, तिथे मी तरी ते करणार नाही. उरलेल्या चांगल्या लाकडावर बोरेटचं द्रावण मारा, बुरशी आणि कीड दोन्हीला चालतं, पण पूर्ण वाळू द्या.

नवीन लाकूड घेताना एक फसवी गोष्ट. बाहेरच्या डेकसाठी मिळणारं हिरवट रंगाचं, तांब्याचं औषध मुरवलेलं लाकूड टिकाऊ म्हणून घ्यावंसं वाटतं, पण त्यातल्या तांब्यामुळे त्याला टेकलेलं अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं, आपला तर अख्खा पत्राच अ‍ॅल्युमिनियमचा आहे. साधं, सरळ, कोरडं, गाठी नसलेलं लाकूड घ्या आणि पाणी बाहेर ठेवा. जमिनीसाठी मरीन प्लाय, त्याच्या कापलेल्या कडा आणि खालची बाजू इपॉक्सीने किंवा चांगल्या ऑइल पेंटने बंद करून. पाणी कडेतूनच शिरतं, वरचा पृष्ठभाग कितीही रंगवा.

जॅकच्या चार कोपऱ्यांत आणि जिथून कॅम्पर ट्रेलरला ताणून बांधायचाय त्या कड्यांच्या मागे आत्ताच जाड प्लाय आणि स्टीलची पट्टी घालून आरपार बोल्ट मारा. भिंत बंद झाल्यावर हे करता येत नाही. तसंच वायर. जुन्या वायरी आत्ता बदला, जादा एक-दोन ओढून ठेवा, मग मधल्या जागेत एक्सपीएस फोमचे (पाणी न शोषणाऱ्या कडक थर्माकोलसारख्या शीटचे) तुकडे बसवा. काचलोकर (ग्लास वूल) नको, ती ओल धरून ठेवते.

पत्रा परत, आणि सगळं सील करणं

इथे घाई केली की मागचं सगळं वाया, त्यामुळे हा भाग निवांत करा, कोरड्या दिवशी.

जुनी पुट्टी आणि सीलंट पूर्ण काढायचं. प्लॅस्टिकची पट्टी, थोडी उष्णता आणि मिनरल स्पिरिट, कंटाळवाणं काम आहे पण पर्याय नाही, जुन्या थरावर नवीन काहीच नीट चिकटत नाही. आणि सिलिकॉन वापरू नका. सिलिकॉन अ‍ॅल्युमिनियमवर काही काळाने कडेने सुटतं, आणि त्याहून वाईट म्हणजे त्याचा अंश राहिलेल्या जागेवर नंतर दुसरं काही, अगदी सिलिकॉनसुद्धा, धड चिकटत नाही. पुढच्या वेळी दुरुस्त करणाऱ्याला, म्हणजे बहुधा तुम्हालाच, शिव्या द्याव्या लागतात.

पट्टी, खिडकी, झडप, जे जे पत्र्यावर बसतं त्याच्या खाली ब्युटाइल टेप, म्हणजे मऊ, चिकट रबरी पुट्टीची पट्टी. टेप लावा, वस्तू बसवा, स्टेनलेसचे स्क्रू हळूहळू आणि आलटून पालटून घट्ट करा, कडेने टेप बाहेर यायला लागली की थांबा. दुसऱ्या दिवशी परत थोडे आवळा, ब्युटाइल दबत राहतं. बाहेर आलेलं मग प्लॅस्टिकच्या पट्टीने कापून टाका. जुन्या भोकांत तेच स्क्रू धरत नसतील तर एक नंबर जाड घ्या, आणि प्रत्येक स्क्रूच्या टोकाला थोडं सीलंट लावूनच फिरवा. कोपऱ्याच्या पट्टीतली फीत नवीन टाका, ताणून बसवू नका, थंडीत आखडते आणि टोकाला फट पडते, त्याच फटीतून पाणी स्क्रूपर्यंत जातं. फीत दोन सेंटिमीटर लांबच ठेवून आत ढकला.

छपरावर सपाट भागासाठी सेल्फ-लेव्हलिंग सीलंट, उभ्या भागासाठी न वाहणारं, दोन वेगळे प्रकार असतात. व्हेंट, अँटेनाची भोकं, सगळ्या स्क्रूंची डोकी झाका. नको असलेली भोकं पत्र्याचा तुकडा ब्युटाइल आणि रिव्हेटने बसवून कायमची बंद करा, छपरावर जितकी भोकं कमी तितकं बरं.

झाल्यावर पाइपने पाणी मारा. खालून सुरू करा आणि दर दहा मिनिटांनी वर सरका, आत एकाने टॉर्च घेऊन बसायचं. वरून मारलं तर सगळंच ओलं होतं आणि गळती नक्की कुठली ते कळत नाही. आतली प्लाय शीट ही चाचणी झाल्याशिवाय लावू नका.

छप्पर उचलणं आणि कापड

छपराखाली काम करताना चारही कोपऱ्यांत लाकडी टेकू, हे न चुकता. बहुतेक हौद्यातल्या कॅम्परमध्ये पुढे आणि मागे घडी होणाऱ्या दोन फळ्या असतात, त्या आतून ढकलून सरळ केल्या की छप्पर उभं राहतं. काहींत हँडल फिरवून केबलने वर जाणारं असतं. फळ्यांची लांब पट्टीची बिजागरी बघा, स्क्रू लाकडातून सुटलेले असतात, प्लाय खराब असेल तर फळीच नवीन कापा, जुनी ठेवून माप घ्या. केबलचा एक जरी तार तुटलेला दिसला तर सगळ्या केबल एकदमच बदला.

उचलायला मदत म्हणून गॅस स्ट्रट (गाडीच्या डिकीला असतात तसे गॅसचे दांडे) लावतात, चांगली कल्पना आहे, पण जास्त ताकदीचे घेऊ नका. छप्पर वर जाईल झटकन, खाली ओढताना मात्र लटकावं लागेल, आणि रोज तेवढा जोर जुन्या स्क्रूंवर येत राहील. छपरावर सोलर पॅनल, कॅरियर, एसी असं काही टाकायचं मनात असेल तर लक्षात ठेवा, ते प्रत्येक मुक्कामी हाताने उचलायचंय. मला विचाराल तर पॅनल जमिनीवर उभं करायचंच घ्या, सावलीतून उन्हात हलवताही येतं.

कापड कितीही फाटकं असलं तरी फेकू नका, तोच तुमचा नमुना आहे. शिवण उसवा, तुकडे सपाट करा, कुठली बाजू आत कुठली बाहेर ते लिहा. नवीन कापड पीव्हीसी कोटिंगचं पॉलिएस्टर घ्या किंवा अ‍ॅक्रिलिक कॅनव्हास. पीव्हीसी पाणी अजिबात घेत नाही पण आत दव धरतं, अ‍ॅक्रिलिक श्वास घेतं पण महाग आणि शिवणीवर सीलर लावावा लागतो. दोरा ऊन सहन करणारा पॉलिएस्टर, कापसाचा दोरा कुजतो. घरच्या मशीनवर दोन थर जातील, कोपऱ्यात पाच-सहा थर येतात तिथे मशीन थांबते, तेवढं ताडपत्री किंवा सीट कव्हर शिवणाऱ्याकडून करून घेतलेलं परवडतं.

लावताना छप्पर पूर्ण वर, चारही कोपरे आधी टाचून घ्या, मग मधलं. स्टेनलेसचे स्टेपल, वरून अ‍ॅल्युमिनियमची पट्टी. कोपऱ्यात थोडं सैल ठेवा. ढोलासारखं ताणून बसवलं तर दिसतं सुंदर, पण छप्पर खाली आणताना कापड आत वळत नाही, बाहेर येऊन कडेत चिमटतं आणि तिथेच पहिलं भोक पडतं. बंद करताना एक खिडकी किंवा झडप उघडी ठेवायची म्हणजे आतली हवा निघून जाते आणि कापड आपोआप आत ओढलं जातं.

गॅस आणि वीज, थोडक्यात

जुनी रबरी नळी आणि रेग्युलेटर न बघता बदला. तांब्याच्या लाइनचे सांधे साबणाच्या पाण्याने तपासा, आगकाडीने कधीच नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो, म्हणून सिलिंडरचा कप्पा आतल्या बाजूने हवाबंद आणि तळाला बाहेर उघडणारी झडप असलेला हवा, गॅसचा अलार्म जमिनीजवळ लावायचा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वेगळा, झोपायच्या उंचीला. जुना गॅसवर चालणारा फ्रिज तिरका उभा राहिला तर खराब होतो आणि त्याचा धूर बाहेर जायची वाट कापडाच्या भिंतीजवळ असते, बॅटरीवर चालणारा कॉम्प्रेसर फ्रिज टाकला तर निम्मी कटकट संपते. गॅसचं काम स्वतःला येत नसेल तर परवानाधारक माणसाकडूनच करून घ्या.

१२ व्होल्टमध्ये करंट जास्त असतो म्हणून वायर जाड लागते, १२० वॅटच्या वस्तूला १० अँपिअर. मेन फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, २० सेंटिमीटरच्या आत. फ्यूजच्या आधीची वायर घासून शॉर्ट झाली तर तिला वाचवणारं काहीच नसतं.

ट्रेलर

आता वजनाचा भाग. समजा कॅम्पर ६०० किलो, रिकामा ट्रेलर ४०० आणि सामान, पाणी, गॅस, बॅटरी मिळून १५०. एकूण ११५०. ट्रेलरच्या पाटीवरची एकूण वजनाची मर्यादा निदान १४०० किलोची हवी, अगदी काठावर घेऊ नका. टायरवर चार अंकी तारीख असते, ३२१९ म्हणजे २०१९ चा ३२ वा आठवडा. नक्षी कितीही चांगली दिसली तरी सहा-सात वर्षांपुढचे टायर बदला, ट्रेलरचे टायर झिजून कमी आणि वयाने जास्त फुटतात. बेअरिंग उघडून धुऊन नवीन ग्रीस भरा, पाटे आणि त्यांचे यू-बोल्ट बघा. ब्रेक लागतील असंच धरून चाला, युरोपात ७५० किलोच्या वर ब्रेक सक्तीचे आहेत, इतर ठिकाणी मर्यादा वेगळी असेल पण एक टन मागून ढकलत असताना कायदा काय म्हणतो हा दुय्यम प्रश्न आहे.

माप घेताना तीन गोष्टी हमखास विसरल्या जातात.

पहिली, कॅम्परचा खालचा भाग अरुंद असतो कारण तो हौद्यातल्या चाकांच्या उंचवट्यांमधे बसायचा असतो, आणि वरचा भाग पंखांसारखा दोन्हीकडे बाहेर येतो. ट्रेलरवर हे पंख मडगार्डच्या वर येतात. तिथे खड्ड्यात चाक वर उचललं गेलं तरी घासणार नाही एवढी जागा हवी, नाहीतर कॅम्परखाली लाकडी चौकट देऊन उंच करावं लागेल. पंखांखाली मडगार्डच्या पुढे-मागे उरलेल्या जागेत सामानाच्या पेट्या मस्त बसतात.

दुसरी, जॅकमधलं अंतर. कॅम्परच्या जॅकमधून पिकअप आत जातो, पण बाहेर मडगार्ड असलेला ट्रेलर पिकअपपेक्षा रुंद असू शकतो. तसं असेल तर मडगार्ड काढा, किंवा जॅकला बाहेर सरकवणारे ब्रॅकेट लावा, किंवा कॅम्पर आडव्या तुळयांवर उचलून धरा.

तिसरी, पुढे आलेला पलंगाचा भाग. ट्रेलरची फळी हौद्यापेक्षा खाली, म्हणजे हा भागही तेवढाच खाली आला, आणि आता त्याच्या पुढे तुमच्या गाडीचं मागचं टोक आहे. उंच एसयूव्ही असेल तर वळताना किंवा उतारावरून चढाला लागताना कोपरा गाडीच्या छताला लागू शकतो. गाडीचा मागचा दरवाजा वर उघडतो का तेही बघा. बरेचदा ट्रेलरची दांडी लांब करून घ्यावी लागते, हे वेल्डिंग अनुभवी माणसाकडूनच. रिकाम्या मैदानात पूर्ण स्टिअरिंग मारून अगदी हळू, बाहेर एक माणूस उभा करून तपासा.

बसवणं

ट्रेलरच्या हिचवर, म्हणजे ट्रेलर गाडीला जोडला जातो त्या जागी, एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार यावा, गाडीच्या हिचची स्वतःची मर्यादा यापेक्षा कमी असेल तर ती पाळायची आणि टक्केवारी त्यातच बसवायची, नाहीच बसली तर गाडी किंवा ट्रेलर बदला. हिशोब सोपा आहे. वस्तूचा मध्य, म्हणजे जिथे तिचा तोल साधतो ती जागा, एक्सलच्या जितका पुढे, त्याला एक्सलपासून हिचपर्यंतच्या अंतराने भागा आणि वजनाने गुणा. एक्सल ते हिच साडेतीन मीटर, ६०० किलोच्या कॅम्परचा मध्य एक्सलच्या ४० सेंटिमीटर पुढे, तर हिचवर साधारण ६९ किलो. रिकाम्या ट्रेलरचे ४५ धरा, १५० किलो सामान सरासरी अर्धा मीटर पुढे असेल तर त्याचे २१. एकूण १३५, म्हणजे ११५० च्या जवळपास १२ टक्के. कॅम्पर १० सेंटिमीटर मागे सरकवला की १७ किलो कमी होतात, एवढ्याशा सरकवण्याने. पाण्याची टाकी एक्सलच्या मागे असेल तर ती भरलेली आणि रिकामी असे दोन्ही हिशोब करा. भार कमी पडला तर ट्रेलर वेगात शेपूट हलवायला लागतो आणि ते फार धोक्याचं आहे.

कॅम्परचा मध्य बऱ्याच मॉडेलवर बाहेर खुणेने दाखवलेला असतो. हिचवरचा भार मोजून खात्री करायला घरचा वजनकाटा चालतो. एक मजबूत तुळई घ्या, एक टोक विटेवरच्या पाइपवर, त्यापासून ९० सेंटिमीटरवर काटा, आणि पाइपपासून ३० सेंटिमीटरवर ट्रेलरची दांडी टेकवा. काट्यावर येईल ते गुणिले तीन. तुळईचं स्वतःचं वजन आधी वजा करायला विसरू नका.

चढवताना वारा नसलेला दिवस, कडक सपाट जमीन, प्रत्येक जॅकखाली प्लायचा तुकडा. चारही जॅक आळीपाळीने थोडे थोडे वर. ट्रेलर मागे घेताना चाकांना अडसर लावणारा माणूस वेगळा. फळीवर जाड रबरी मॅट टाका, कॅम्पर घसरत नाही आणि लाकूड ओल्या स्टीलवर बसत नाही.

आता बोल्ट की टर्नबकल, म्हणजे फिरवून ताण देता येणारा दोन कड्यांचा स्क्रू? जमिनीतून आरपार बोल्ट मारणं लोकांना भक्कम वाटतं. मी टर्नबकलच्या बाजूने आहे. ट्रेलरची चौकट रस्त्यावर पिळली जाते, लाकडी कॅम्परला पीळ चालत नाही, चारी बाजूंनी घट्ट बोल्ट केला की तो पीळ थेट सांध्यांत जातो आणि आपण एवढं सील केलेलं सगळं उघडतं. शिवाय जमिनीला भोकं. त्यापेक्षा चार कोपऱ्यांत स्प्रिंगवाले टर्नबकल ट्रेलरच्या मुख्य चॅनेलला (चौकटीच्या स्टीलच्या तुळईला), नुसत्या फळीला किंवा कठड्याला नाही. पुढच्या बाजूला स्टील अँगलचा पक्का अडथळा, बाजूंना लाकडी ठोकळे. भार बांधायच्या नियमांत जोरात ब्रेक मारल्यावर पुढच्या दिशेला वजनाच्या ०.८ पट जोर धरतात, म्हणजे ६०० किलोच्या कॅम्परला ४८०, हा जोर अडथळ्याने घ्यायचा, टर्नबकलने नाही. चॅनेलच्या वरच्या-खालच्या पट्टीला भोक पाडू नका, बोल्ट हवा असेल तर उभ्या भागात. अ‍ॅल्युमिनियम स्टीलला कुठे टेकत असेल तर मधे रबर किंवा नायलॉन.

मागच्या दोन कोपऱ्यांत ट्रेलरचे टेकू जॅक नक्की लावा. दार मागे असतं, हिच सोडलेला असताना दोन माणसं आत चढली की ट्रेलर मागे कलंडून दांडी वर उचलली जाते. मुक्कामाला पोचल्यावर आधी टेकू, मग आत पाय.

दिवे, नंबर प्लेट, रिफ्लेक्टर पंखांमुळे झाकले जात असतील तर बाहेर घ्या. दिव्यांना अर्थ वायर वेगळी द्या, हिचच्या गोळ्यातून अर्थ मिळेल या भरवशावर राहू नका, निम्मे बिघाड तिथेच असतात. ट्रेलरवर कायमचा कॅम्पर बसवला की काही ठिकाणी नोंदणीचा वर्ग बदलतो आणि विम्याचाही, दोन्हीकडे आधी विचारून घ्या. चालत्या ट्रेलरमध्ये कोणीही बसायचं नाही.

पहिली फेरी जवळचीच, सामान भरून. निघताना छपराच्या बाहेरच्या सगळ्या कड्या हाताने ओढून बघा, एक सुटली तर वारा छपराखाली शिरतो. ५० च्या वेगाने, मग हळूहळू वर. शेपूट हलायला लागली तर गाडीचा ब्रेक दाबू नका, स्टिअरिंग सरळ, पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढा, आणि ट्रेलरचे ब्रेक वेगळे लावता येत असतील तर तेवढेच हलके लावा. मग थांबून जड सामान पुढे हलवा. १५-२० किलोमीटरवर थांबून चाकाच्या मध्याला हात लावा, एक चाक दुसऱ्यापेक्षा जास्त तापलं असेल तर बेअरिंग किंवा ब्रेक अडतोय. टर्नबकल तेव्हाच परत आवळा, मॅट दबल्यामुळे ते हमखास ढिले झालेले असतात, आणि चाकाचे नट ८०-१०० किलोमीटरनंतर टॉर्क पान्याने पुन्हा एकदा.